ताऱ्याला बिलगलेला महाग्रह कोणत्या वाटेने आला, हे कसे ताडावे

बुध सूर्याभोवतीची प्रदक्षिणा ८८ दिवसांत पूर्ण करतो, तर गुरूला जवळजवळ बारा वर्षे लागतात. या हिशेबाची सवय झालेल्या खगोलशास्त्राला १९९५ साली मोठा धक्का बसला. मिशेल मेयर आणि डिडिए केलो यांनी फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याचे वेध घेतले, तेव्हा गुरूच्या निदान निम्म्या वस्तुमानाचा एक ग्रह त्या ताऱ्याभोवती अवघ्या ४.२३ दिवसांत फिरत असल्याचे त्यांना आढळले. या शोधाला २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. तोवर असे ग्रह कोणाच्या मनातच आले नव्हते, असे मात्र नाही. ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ सालीच एका छोट्या टिपणात लिहिले होते की, ताऱ्याच्या अगदी जवळ मोठे ग्रह असू शकतील आणि ते ताऱ्याच्या वेगातील चढउतारावरून किंवा ताऱ्याचे तेज किंचित मंदावण्यावरून सापडू शकतील. ते टिपण चार दशके जवळजवळ दुर्लक्षित राहिले.

या ग्रहांना इंग्रजीवरून ‘हॉट ज्युपिटर’ म्हणतात. येथे त्यांना तप्त गुरू म्हणू. सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांमागे जेमतेम एखाद्या ताऱ्याजवळच असा ग्रह असतो, तरीही ग्रह कसे घडतात या प्रश्नाची खरी परीक्षा तेच पाहतात. एखादा तप्त गुरू निवडून तो आजच्या जागी कसा पोचला असावा, याचा तर्क वाचकाला स्वतः करता यावा, यासाठी लागणारी रीत पुढे दिली आहे. तिला दुर्बीण लागत नाही. नासा एक्सोप्लॅनेट अर्काइव्ह हे सर्वांना खुले असलेले कोष्टक, घनमूळ काढू शकणारे गणकयंत्र आणि ‘ठरवता येत नाही’ असे लिहिण्याची तयारी एवढ्यावर काम भागते. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे.

कोष्टक उघडण्यापूर्वी कोणत्या वाटांमधून निवड करायची आहे, ते नीट समजून घ्यावे. वाटा तीन मानल्या जातात.

पहिल्या वाटेत प्रवासच नाही: ग्रह आज जेथे आहे तेथेच घडला. ही कल्पना दीर्घकाळ बाजूला ठेवली गेली होती. ताऱ्यापासून ०.०५ खगोलीय एककावर (पृथ्वी आणि सूर्य यांतील सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक), म्हणजे सुमारे ७५ लाख किलोमीटरवर, बर्फ तर नसतोच, पण तापमान इतके असते की खडकाळ धूळही टिकणे कठीण होते. शिवाय एवढ्या लहान परिघाच्या कड्यात कच्चा मालही थोडा असतो. गुरूसारखा ग्रह घडण्यासाठी आधी पृथ्वीच्या साधारण दहापट वस्तुमानाचा गाभा तयार व्हावा लागतो, आणि त्यानंतरच तो भोवतालचा हायड्रोजन व हेलियम वायू झपाट्याने ओढून घेऊ लागतो. असा गाभा घडण्याची सोयीची जागा म्हणजे हिमरेषेपलीकडचा, काही खगोलीय एककांवरचा प्रदेश; तेथे पाणी गोठून घन पदार्थाचा साठा वाढलेला असतो. मात्र केप्लर दुर्बिणीने ताऱ्यांच्या निकट पृथ्वीहून मोठे आणि नेपच्यूनहून लहान असे ग्रह विपुल असल्याचे दाखवून दिले, तेव्हापासून ‘यांतलाच एखादा पुरेसा जड होऊन वायू ओढू लागला तर?’ हा प्रश्न पुन्हा गांभीर्याने विचारला जातो. त्यामुळे ही वाट यादीतून खोडून टाकू नये.

दुसरी वाट वायूच्या तबकडीतून जाते. नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धूळ यांची तबकडी फिरत असते आणि तिचे आयुष्य काही दशलक्ष वर्षांचे, फार तर दहा दशलक्ष वर्षांच्या आसपासचे असते. तबकडीत फिरणारा ग्रह आपल्या गुरुत्वाकर्षणाने वायूत सर्पिल लाटा उठवतो. त्याच्या आतल्या बाजूची लाट त्याला बाहेर ढकलते आणि बाहेरची लाट आत ओढते. बहुधा बाहेरची लाट वरचढ ठरते आणि ग्रहाचा कोनीय संवेग (वस्तुमान, वेग आणि अंतर यांवरून ठरणारे फिरण्याचे माप) हळूहळू वायूकडे जाऊन ग्रह आत सरकतो. गोल्डराइख आणि ट्रेमेन यांनी या देवघेवीचे गणित १९८० सालीच मांडले होते, म्हणजे समजावून सांगण्याजोगा ग्रह सापडण्याच्या पंधरा वर्षे आधी उत्तर कागदावर तयार होते. ग्रह गुरूएवढा जड असेल, तर तो वायूत आपल्या मार्गावर रिकामी चाकोरी कोरतो आणि मग साधारणपणे तबकडीच्या चालीने आत येतो. तो ताऱ्यात जाऊन का पडत नाही, याचे एक संभाव्य कारण असे की, तरुण ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र तबकडीचा आतला भाग मोकळा ठेवते आणि तो मोकळा भाग सुरू होतो तेथे ढकलणारा वायूच उरत नाही.

तिसरी वाट हिंसक आहे. बाहेर घडलेल्या महाग्रहाची कक्षा काही कारणाने अतिशय लांबट होते. दोन महाग्रह एकमेकांच्या फार जवळून जातात आणि एक आत, दुसरा बाहेर भिरकावला जातो. किंवा दूर असलेला सहचर तारा तिरप्या कक्षेतून दीर्घकाळ ओढ लावत राहतो. लिडोव आणि कोझाई यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की, दोन कक्षांमधील कल सुमारे ३९ अंशांहून अधिक असेल, तर आतल्या कक्षेचा कल आणि तिचा लांबटपणा यांची आलटून पालटून अदलाबदल होऊ शकते. लांबट झालेल्या कक्षेत ग्रह प्रत्येक फेरीत ताऱ्याच्या अगदी जवळून जातो. त्या वेळी ताऱ्याच्या ओढीने त्याच्या अंगावर भरती उठते, म्हणजे त्याचा आकार ताणला जातो, घर्षणाने त्याची कक्षीय ऊर्जा उष्णतेच्या रूपात खर्च होते आणि कक्षा आकसत, गोल होत जाते. या वाटेला वायूची तबकडी लागत नाही. ती विरून गेल्यानंतर कोट्यवधी वर्षांनीही हा प्रवास होऊ शकतो.

आता कोष्टक. निवडलेल्या ग्रहासाठी प्रदक्षिणाकाळ, वस्तुमान, कक्षेची उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे हे सांगणारी संख्या, पूर्ण वर्तुळासाठी ती शून्य असते), ताऱ्याचे वस्तुमान, ताऱ्याचे पृष्ठीय तापमान आणि वय, आणि उपलब्ध असल्यास ताऱ्याचा परिवलन-अक्ष व ग्रहाची कक्षा यांतील कोन हे आकडे उतरवून घ्यावेत. प्रत्येक आकड्यापुढची त्रुटीमर्यादाही लिहावी. उत्केंद्रता ०.०२ आणि त्रुटी ०.०२ असेल, तर त्या आकड्याचा अर्थ ‘शून्य असू शकते’ एवढाच होतो. कित्येक ग्रहांच्या बाबतीत तर ती मोजलेली नसते, शून्य धरलेली असते. हा फरक न पाहता पुढे जाणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. ग्रह केवळ ताऱ्याच्या वेगातील चढउतारावरून सापडला असेल, तर नोंदवलेले वस्तुमान किमान वस्तुमान असते, हेही ध्यानात ठेवावे.

पहिले गणित अंतराचे. प्रदक्षिणाकाळ वर्षांत मांडून त्याचा वर्ग करावा, त्याला ताऱ्याच्या सौर वस्तुमानात व्यक्त केलेल्या आकड्याने गुणावे आणि घनमूळ काढावे. उत्तर खगोलीय एककांत मिळते. ५१ पेगासीच्या ग्रहासाठी ४.२३ दिवस म्हणजे ०.०११६ वर्षे होतात आणि ताऱ्याचे वस्तुमान १.१ धरल्यास अंतर सुमारे ०.०५३ येते. बुधाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर ०.३९ आहे, एवढे सांगितले की या आकड्याचा अर्थ कळतो.

दुसरे गणित उत्केंद्रतेचे, आणि येथे थोडे थांबावे. भरतीमुळे कक्षेची ऊर्जा खर्च होते, पण कोनीय संवेग जवळजवळ तसाच राहतो. म्हणून लांबट कक्षा पूर्ण गोल होईल तेव्हा ती किती अंतरावर स्थिरावेल, हे आजच सांगता येते: सरासरी अंतराला ‘एक वजा उत्केंद्रतेचा वर्ग’ याने गुणायचे. एच. डी. ८०६०६ बी हा २००१ मध्ये सापडलेला ग्रह यासाठी सर्वोत्तम उदाहरण आहे. त्याचा प्रदक्षिणाकाळ १११ दिवस, सरासरी अंतर ०.४५ खगोलीय एकक आणि उत्केंद्रता ०.९३ आहे. ०.९३ चा वर्ग ०.८६५, तो एकातून वजा केल्यावर ०.१३५ उरतात, त्यांना ०.४५ ने गुणल्यास ०.०६ येतात. म्हणजे आज साडेतीन महिन्यांत फेरी मारणारा हा ग्रह पुरेसा काळ मिळाल्यास पाच-साडेपाच दिवसांच्या कक्षेत येऊन एक सर्वसाधारण तप्त गुरू होईल. त्याच्या ताऱ्याला एच. डी. ८०६०७ हा सहचर तारा आहे, हे कळल्यावर तिसऱ्या वाटेचे सगळे साहित्य एकाच ठिकाणी जमलेले दिसते. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने हा ग्रह ताऱ्याजवळून जात असताना त्याचे निरीक्षण केले, तेव्हा त्याचे तापमान सहा तासांत सुमारे ८०० वरून १,५०० केल्विनपर्यंत चढल्याचे आढळले. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेला टी. आय. सी. २४१२४९५३० बी हा याच पंथातला आणखी एक वाटसरू आहे: उत्केंद्रता ०.९४, काळ सुमारे १६६ दिवस, आणि कक्षेची दिशा ताऱ्याच्या परिवलनाच्या उलट.

एवढी मोठी उत्केंद्रता फार थोड्या ग्रहांची असते. बहुसंख्य तप्त गुरूंच्या कक्षा गोल असतात आणि त्यांच्याबाबत पटकन काढलेला निष्कर्ष असा असतो की, कक्षा गोल आहे म्हणजे ग्रह तबकडीतून शांतपणे आला. हा निष्कर्ष चुकीचा आहे. या संपूर्ण रीतीत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी: ताऱ्याजवळची भरती पुरावा पुसते, म्हणून प्रत्येक आकड्याला आधी ‘तुझ्या जागी दुसरे काही असते तर ते आजवर टिकले असते का?’ असे विचारावे आणि मगच त्याची साक्ष नोंदवावी.

उत्केंद्रता किती काळ टिकेल याचा अंदाज तुलनेने करता येतो. कक्षा गोल होण्यास लागणारा काळ अंतराच्या साधारण साडेसहाव्या घाताप्रमाणे वाढतो आणि ग्रहाच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात वाढतो, तर ग्रह फुगीर असेल तर तो झपाट्याने कमी होतो. अंतर दुप्पट केले की काळ सुमारे नव्वदपट होतो. चार दिवसांच्या कक्षेतील गुरूच्या निम्म्या वस्तुमानाच्या ग्रहासाठी हा काळ काही कोटी ते काही दशकोटी वर्षे येतो. ग्रहाच्या अंतर्भागात घर्षण किती होते, यावर उत्तर दहापट इकडेतिकडे होऊ शकते. बहुतेक तारे याहून बरेच वृद्ध असतात. त्यामुळे चार दिवसांच्या आतील गोल कक्षा ही कोरी पाटी समजावी. याउलट आठ-दहा दिवसांच्या कक्षेत भरती दुबळी असते. तेथे कक्षा लांबट असेल, तर तो तिसऱ्या वाटेचा बोलका पुरावा ठरतो, आणि गोल असेल, तर ती बहुधा मुळातच फार लांबट नव्हती असे म्हणण्यास जागा असते.

अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेच्या गटाने २०२३ मध्ये जाहीर केलेला टी. ओ. आय. ४६०३ बी येथे तपासून पाहावा. माउंट अबू येथील दुर्बिणीवरच्या पारस वर्णपटमापकाने त्याचे वस्तुमान मोजले आहे. ते गुरूच्या जवळजवळ १३ पट आहे, प्रदक्षिणाकाळ सव्वासात दिवसांचा आणि उत्केंद्रता सुमारे ०.३ आहे. त्याचे अंतर ५१ पेगासीच्या ग्रहाच्या सुमारे १.७ पट आहे, १.७ चा साडेसहावा घात तीसच्या वर जातो, आणि वस्तुमानामुळे आणखी पंचवीसपट भर पडते. म्हणजे ढोबळमानाने त्याची कक्षा गोल होण्यास काही शेपट अधिक काळ लागेल. म्हणून ०.३ ही उत्केंद्रता आज दिसते यात नवल नाही आणि तिची साक्ष ग्राह्य धरता येते. हा ग्रह अजून वाटेवर आहे, असे मानणे मला सयुक्तिक वाटते.

तिसरा तपास कोनाचा. ग्रह ताऱ्यासमोरून जात असेल, तर अधिक्रमणाच्या वेळी तो फिरत्या ताऱ्याची कधी आपल्याकडे येणारी, तर कधी दूर जाणारी बाजू झाकतो. त्यामुळे ताऱ्याच्या मोजलेल्या वेगात क्षणिक विकृती येते आणि तिच्या आकारावरून ग्रह ताऱ्याच्या परिवलनाच्या दिशेने फिरतो, तिरका फिरतो की उलटा, हे कळते. या परिणामाला रॉसिटर–मॅक्लॉक्लिन परिणाम म्हणतात आणि तो जोडताऱ्यांच्या बाबतीत १९२४ सालीच मोजला गेला होता. वास्प-१७ बी हा ग्रह २००९ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्याची कक्षा उलट दिशेची असल्याचे दिसले. तबकडी आणि तारा एकाच फिरत्या ढगातून घडत असल्याने तबकडीतून सरकत आलेला ग्रह सहसा सुलट फिरावा, अशी अपेक्षा असते.

पण येथेही पुसलेल्या पुराव्याचा नियम लागू होतो. सुमारे ६,२५० केल्विनपेक्षा थंड ताऱ्यांमध्ये पृष्ठभागाखाली खळबळत्या वायूचा जाड थर असतो आणि जवळचा जड ग्रह भरतीच्या द्वारे त्या ताऱ्याचा अक्ष आपल्या कक्षेशी हळूहळू जुळवून घेऊ शकतो. त्याहून तप्त ताऱ्यांत हा थर अतिशय पातळ असतो. २०१० मध्ये हे लक्षात आले की तिरक्या कक्षांचे तप्त गुरू प्रामुख्याने तप्त ताऱ्यांभोवती आढळतात. म्हणून कोनाचा आकडा पाहण्यापूर्वी ताऱ्याचे तापमान पाहावे. ५,७०० केल्विनच्या ताऱ्याभोवती शून्य अंशांचा कोन आला, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. ६,५०० केल्विनच्या ताऱ्याभोवती तोच कोन आला, तर तो शांत प्रवासाच्या बाजूने मोजावा. तिरका कोनही शंभर टक्के खात्रीचा नसतो, कारण सहचर ताऱ्याच्या ओढीने मुळात तबकडीच कललेली असू शकते. तरीही तिरकेपणा आणि मोठी उत्केंद्रता एकत्र दिसली, तर तिसऱ्या वाटेपलीकडे फार शोधू नये.

चौथा तपास शेजाऱ्यांचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत निर्णायक आहे, कारण भरती शेजारी निर्माण करू शकत नाही. अतिलांबट कक्षेतून आलेला महाग्रह प्रत्येक फेरीत आतल्या प्रदेशातून घुसतो. तेथे लहान ग्रह असले तर ते उधळले जातात. म्हणून तिसऱ्या वाटेने आलेला ग्रह एकाकी असावा, आणि तप्त गुरू बहुतांशी एकाकीच आढळतात. अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. वास्प-४७ बी हा ४.१६ दिवसांचा तप्त गुरू आधीच माहीत होता. २०१५ मध्ये केप्लर दुर्बिणीच्या दुसऱ्या मोहिमेच्या नोंदी तपासताना त्याच्या आत ०.७९ दिवसांचा आणि बाहेर ९.०३ दिवसांचा असे दोन लहान ग्रह सापडले. इतकी नाजूक मांडणी हिंसक प्रवासातून वाचणे शक्य वाटत नाही. अशा ग्रहासाठी तिसरी वाट निःशंकपणे खोडावी आणि तबकडीतील प्रवास किंवा जागच्या जागी निर्मिती यांपैकी एक उरते, असे लिहावे. या दोहोंत निवड करण्याइतका पुरावा बहुधा हाती नसतो. दूरच्या शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे: लांब कक्षेतील महाग्रह किंवा सहचर तारा असणे तिसऱ्या वाटेला अनुकूल असते, पण तो केवळ संशयित ठरतो, तो घटनास्थळाच्या जवळ होता, एवढेच सिद्ध होते.

अंतराची आणखी एक कसोटी घाईघाईने का होईना, लावून पाहावी. ज्या अंतराच्या आत ताऱ्याची ओढ ग्रहाला फाडून टाकते, त्याला रोश मर्यादा म्हणतात. गुरूसारख्या ग्रहासाठी ती सूर्यासारख्या ताऱ्यापासून ०.०१ खगोलीय एककाहून किंचित अधिक येते. लांबट कक्षेतून आलेला ग्रह त्या मर्यादेला शिवून वाचला असेल, तर गोल झाल्यावर तो तिच्या किमान दुप्पट अंतरावर स्थिरावायला हवा. एखादा ग्रह याहून आत असेल, तर तिसरी वाट बाद, असे म्हणण्याचा मोह होतो. पण वास्प-१२ बी हा १.०९ दिवसांचा ग्रह तो मोह आवरायला लावतो. अनेक वर्षांच्या अधिक्रमणांच्या वेळांवरून त्याचा प्रदक्षिणाकाळ दरवर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी घटत असल्याचे दिसते. या गतीने त्याची कक्षा सुमारे तीस लाख वर्षांच्या मानाने ढासळते आहे. आज तो जेथे आहे, तेथे तो पूर्वी नव्हता.

सगळे तपास झाल्यावर निष्कर्ष एका ओळीत लिहावा आणि प्रत्येक पुराव्यापुढे ‘टिकाऊ’ किंवा ‘पुसला जाणारा’ अशी खूण करावी. सर्व तप्त गुरू एकाच वाटेने आले, असा हट्ट धरू नये. माझा कल असा की बहुसंख्य ग्रह तिसऱ्या वाटेचे असावेत, पण त्यालाही एक अडचण आहे: तसे असेल, तर अतिलांबट कक्षेत अजून वाटेवर असलेले ग्रह बरेच दिसायला हवेत, आणि केप्लर दुर्बिणीच्या नोंदींत ते अपेक्षेपेक्षा कमी सापडले.

सरावासाठी भारताने नाव दिलेला ग्रह घ्यावा. एच. डी. ८६०८१ या षडंश तारकासमूहातील ताऱ्याला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या उपक्रमात, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ, बिभा हे नाव मिळाले आणि त्याच्या ग्रहाला संतमस, म्हणजे मेघाच्छादित. संतमसचा प्रदक्षिणाकाळ २.१४ दिवस आणि किमान वस्तुमान गुरूच्या दीडपट आहे. ताऱ्याचे वस्तुमान १.२ धरल्यास अंतर सुमारे ०.०३५ खगोलीय एकक येते. उत्केंद्रता शून्याच्या अगदी जवळ आहे, पण या अंतरावर ती ५१ पेगासीच्या ग्रहापेक्षाही लवकर पुसली जाते; म्हणून तिच्यापुढे ‘पुसला जाणारा’ अशी खूण. ग्रह केवळ ताऱ्याच्या वेगावरून सापडला असून त्याचे अधिक्रमण दिसलेले नाही, त्यामुळे कोनाचा रकाना रिकामा राहतो; आणि तारा सुमारे ६,००० केल्विनचा असल्याने कोन मिळाला असता आणि तो शून्य निघाला असता, तरी त्याची साक्ष कच्चीच ठरली असती. जवळचा लहान शेजारी नोंदवलेला नाही, पण अधिक्रमणाविना लहान शेजारी सापडणेही कठीण असते, म्हणून एकाकीपणाही गृहीत धरता येत नाही. वहीत संतमसपुढे ‘अनिर्णित’ असे लिहावे, आणि त्याखाली, बिभा ताऱ्याच्या वेगात वर्षानुवर्षे एकाच दिशेने होणारा मंद बदल पुढील नोंदींत शोधावा, कारण दूरच्या जड सोबत्याचा माग याच खुणेवरून लागू शकतो.